जुन्या दगडांचे शहर : मेरिदा आणि उश्मालची भेट

(राजापेठ, अमरावती येथे संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही उभयता मेक्सिको देशी जाऊन तेथे दोन महिने राहून आलो. आमची मुलगी व जावई नोकरीनिमित्त मेक्सिको शहरात असतात. परत आल्यावर कार्यकारिणीने 'प्रवासाचे चार शब्द सांगा' अशी आज्ञा केली, ती मान्य करून आपल्यापुढे उभे आहोत. प्रवासाची भाषणे बहुधा विमानातल्या जेवणापासून सुरू होतात. तो भाग आम्ही गाळतो, कारण ते जेवण सांगण्यासारखे नव्हते. एवढेच सांगतो की अमरावतीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तेथून मध्ये एकदा विमान बदलून मेक्सिको. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. ज्यांच्याजवळ अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, इतरांनी त्यांच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिले चार दिवस जिना चढताना धाप लागते. मग सवय होते.

त्या शहरात आम्ही सर्वप्रथम काय पाहिले असेल, तर एका वऱ्हाडशेजारच्या माणसाचे चित्र. विद्यार्थी मित्रहो, डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? ते वर्ध्याचे. तरुणपणीच देशाबाहेर पडले, अमेरिकेत गदर चळवळीच्या स्थापनेत सहभागी झाले, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या बाजूने भारतात शिरण्याच्या प्रयत्नात होते. इंग्रज सरकार त्यांना मायदेशी येऊ देणे शक्यच नव्हते. १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका व गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केले. त्याहून मोठे काम म्हणजे गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने १९२८ साली तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची भाकर' अशा अर्थाच्या नावाचे चित्र रंगविले. त्यात गोरगरिबांच्या पंगतीत भाकर मोडून वाटणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे होय. आम्ही त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होतो. खानखोजे १९५५ मध्ये भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळा बसविण्यात आला. येथून दोन तासांच्या अंतरावरील वर्ध्यात किती शाळकरी मुले त्यांना ओळखतात याची चौकशी कुणी करावी.

आम्ही गेलो तेव्हा तेथे मृतांच्या स्मरणाचा सण होता. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी घरोघरी आणि स्मशानात झेंडूच्या फुलांच्या राशी घालतात. आम्हाला वाटले, आपला झेंडू येथवर आला! चौकशी केली तेव्हा समजले की प्रकार नेमका उलटा आहे. झेंडू मूळचा तिकडचाच, आपल्याकडे तो पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांच्या काळात आला. मग आम्हाला यादी करण्याचा नादच लागला. मिरची तिकडची, मका तिकडचा, टमाटे, पेरू, पपई, सीताफळ हे सर्व अमेरिका खंडाचे. चिकूचे झाड तर युकातानच्या रानात आपोआप उगवते. त्याचा चीक वाळवून पूर्वी चघळावयाचा डिंक करीत, आणि त्या चिकाच्या तिकडील नावावरूनच आपण फळाला चिकू म्हणतो. ठेचा आणि झुणका-भाकर यांना आपण अस्सल वऱ्हाडी समजतो. त्यातली मिरची वजा केली तर काय उरते ते प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावे.

पण सर्वांत नवल पऱ्हाटीचे. वऱ्हाडचा जुना कापूस आखूड धाग्याचा गावरान होता. इंग्रज व्यापारी त्याला अमरावतीच्या नावावरूनच 'ऊमरा' म्हणत. आज आपल्या शेतांत जी पऱ्हाटी उभी असते, ती २००२ नंतरची बीटी संकरित वाणे धरून, जवळजवळ सगळी अमेरिकन जातीची आहे. या जातीचे मूळ मेक्सिकोत असून तिची रानटी झाडे युकातानच्या किनाऱ्याला आजही आढळतात. तेथील माया स्त्रिया हजारो वर्षांपासून हा कापूस कातीत व विणीत आल्या. स्पॅनिश लोकांनी राज्य घेतल्यावर पहिला कर लावला तो याच विणलेल्या कापडाचा, आणि तो बायकांच्या हातांतून वसूल झाला.

आता मुख्य विषयाकडे येतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मुलीला व जावयांना सुटी मिळाली आणि आम्ही पाचही जण, म्हणजे आमची सहा वर्षांची नात धरून, विमानाने मेरिदा शहरी गेलो. मेरिदा ही युकातान राज्याची राजधानी. शहर सपाट, ऊन आपल्यासारखे, घरे रंगीत. रस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. सम क्रमांकाचे रस्ते उत्तर-दक्षिण आणि विषम क्रमांकाचे पूर्व-पश्चिम, त्यामुळे भाषा न येणारा माणूसही चुकत नाही. आपल्या नगरपालिकांनी यातून काही घ्यावे असे वाटले.

फ्रान्सिस्को दे मोंतेखो या स्पॅनिश सरदाराने ६ जानेवारी १५४२ रोजी हे शहर वसविले असे पाटीवर लिहिलेले आहे. वसविले हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो. त्या जागी माया लोकांचे 'त्हो' नावाचे नगर अगोदरच होते. त्याचे उंच चौथरे आणि पडझड झालेली मंदिरे पाहून स्पॅनिश लोकांना आपल्या देशातील मेरिदा गावचे रोमन अवशेष आठवले, म्हणून त्यांनी हे नाव ठेवले. मग त्याच मंदिरांचे घडीव दगड काढून चर्च, वाडे आणि सरकारी घरे बांधली. मुख्य चौकातील कॅथेड्रल १५९८ साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींत माया दगड आहेत. ते दगड वाहून आणणारे आणि रचणारे हातही माया लोकांचेच होते. आपल्याच पूर्वजांची इमारत पाडून परक्याची बांधण्याची वेठ त्यांच्यावर आली.

चौकाच्या दक्षिणेस मोंतेखोचा वाडा आहे. त्याच्या दरवाजावर दोन चिलखतधारी शिपाई कोरलेले आहेत आणि त्यांचे पाय माणसांच्या मस्तकांवर आहेत. मस्तकांची तोंडे वेदनेने उघडी. ही मस्तके कुणाची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण चौकातल्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा, तो 'आमची' म्हणून सांगतो. शिपाई डाव्या-उजव्या बाजूंना अगदी सारखे आहेत, मस्तके मात्र एकसारखी नाहीत असे आम्हाला वाटले.

स्पॅनिश काळात शहराच्या मध्यभागी फक्त स्पॅनिश लोकांनी राहावयाचे असा नियम होता. सांतियागो, सान सेबास्तियान, सान क्रिस्तोबाल, सांता आना या सभोवतीच्या वस्त्या इंडियन म्हटल्या जाणाऱ्या मूळ लोकांच्या, सांता लुसिया ही आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची व त्यांच्या संततीची. सकाळी कामाला मध्यभागी यावयाचे आणि संध्याकाळी परत आपल्या वस्तीत जावयाचे. अमरावतीला १८०७ साली पिंडाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या राज्यात परकोट बांधला गेला. जवाहर गेटमधून आपण रोज जातो. परकोटाच्या आत कोण होते आणि बाहेर कोण, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. गावकूस ही वस्तू फक्त आपल्याकडचीच आहे असा आमचा समज होता, तो मेरिदात गेला.

शब्दांचीही एक गंमत सांगतो, खरे तर ती गंमत नव्हे. जातीला इंग्रजीत 'कास्ट' म्हणतात. तो शब्द इंग्रजांचा नव्हे. स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांतील 'कास्ता' या शब्दावरून तो आला. पोर्तुगीजांनी तो आपल्या समाजाला लावला, आणि स्पॅनिशांनी अमेरिकेत गोरा, मूळ रहिवासी, आफ्रिकी आणि त्यांच्या मिश्रणांच्या ज्या पायऱ्या ठरविल्या त्यांनाही तोच लावला. युकातानच्या पूर्व भागात १८४७ साली माया शेतकऱ्यांचे बंड उभे राहिले. त्याला इतिहासात 'कास्तांचे युद्ध', म्हणजे शब्दशः जातियुद्ध म्हणतात. हे नाव बंड करणाऱ्यांनी दिले नाही, त्यांच्या विरोधकांनी दिले. खरी कारणे जमीन आणि कर ही होती. युद्ध कमी-अधिक चालत १९०१ पर्यंत गेले. पकडलेल्या माया माणसांना क्यूबा बेटावर मजूर म्हणून विकण्यात आले, तो व्यापार १८६१ साली अध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी बंद केला. हुआरेस स्वतः मूळ रहिवासी समाजातले, सापोतेक जमातीचे, बालपणी मेंढ्या राखलेले.

आपल्या शेताच्या बांधावर घायपात असते. काही गावांत त्याला केकताड म्हणतात. त्याच्या भाऊबंदातल्या एनेकेन नावाच्या वनस्पतीने मेरिदा श्रीमंत केली. अमेरिकेत गव्हाच्या पेंढ्या बांधणारी यंत्रे आली, त्यांना सुतळी हवी होती, आणि ती युकातानच्या घायपाताच्या वाखापासून होत असे. आपण कापसाला पांढरे सोने म्हणतो, ते घायपाताला हिरवे सोने म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळ्यांच्या मालकांनी मेरिदाच्या रुंद रस्त्यावर युरोपच्या धर्तीचे राजवाडे बांधले. मळ्यावर माया कुटुंबे कर्जाने बांधलेली असत. लग्नाला उचल, आजारपणाला उचल, आणि धान्य मालकाच्याच दुकानातून उधार. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडावयाचा नाही, आणि ते फिटत नसे. सावकारी पाश म्हणजे काय हे वऱ्हाडात समजावून सांगावे लागत नाही. १९१४-१५ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या सरकारने ही पद्धत रद्द केली. १९२२ साली फेलिपे कारियो पुएर्तो युकातानचा राज्यपाल झाला. त्याने पदावर येताना पहिले भाषण माया भाषेत केले, जमीन वाटली, त्याच वर्षी विद्यापीठ काढले. ३ जानेवारी १९२४ रोजी त्याला त्याच्या तीन भावांसह मेरिदाच्या स्मशानभूमीत भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. ती भिंत आम्ही पाहिली. राजवाड्यांच्या त्या रुंद रस्त्याचे नाव मात्र अजूनही मोंतेखोच्या नावावर आहे, आणि २०१० साली तेथे मोंतेखो पिता-पुत्रांचा नवा पुतळाही उभारला गेला. त्याविरुद्ध लोकांनी निदर्शने केली. पुतळा उभा आहे.

आता पोथ्यांविषयी. माया लोकांना स्वतःची लिपी होती. झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा लेप देऊन ते घडीच्या पोथ्या लिहीत. जुलै १५६२ मध्ये दिएगो दे लांदा या पाद्र्याने मानी गावी मूर्ती व पोथ्या गोळा करून जाळल्या. लोकांचा छळ केला तो वेगळाच. आज संपूर्ण जगात माया पोथ्या फक्त चार उरल्या आहेत. त्यांतील तीन युरोपातील ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस या शहरांच्या नावांनी ओळखल्या जातात आणि तेथेच आहेत. चौथी मेक्सिकोत आहे. लांदाने पुढे युकातानवर एक ग्रंथ लिहिला, त्यात कुणा माया जाणकाराला विचारून त्यांची 'बाराखडी' उतरवून घेतली. अनेकांनी ती चुकीची म्हणून टाकून दिली. १९५२ साली लेनिनग्राडमध्ये युरी क्नोरोझोव्ह या तरुण संशोधकाने दाखवून दिले की ही अक्षरे म्हणजे सुटी व्यंजने नसून आपल्या क, का, कि प्रमाणे पूर्ण उच्चार आहेत. त्याने तोपर्यंत युकातान पाहिलेही नव्हते. जाळणाऱ्याच्याच वहीतून कुलूप उघडले. आपल्याकडे अशोकाचे लेख शेकडो वर्षे डोळ्यांसमोर असून कुणाला वाचता येत नव्हते, ते १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने वाचले आणि तेव्हा कुठे अशोक नावाचा राजा परत माणसांत आला. माया लिपीच्या बाबतीत हे आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. १९६० सालापर्यंत बहुतेक विद्वान शिलालेखांत फक्त तारखा व ग्रहगणित आहे असे मानीत. त्या वर्षी तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह या विदुषीने त्यांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू आहेत हे सिद्ध केले. विद्यार्थी मित्रहो, लिपीशास्त्र हा रुक्ष विषय नाही.

उश्माल मेरिदापासून सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे येथून अकोला आहे त्याहून जवळ. वाटेत खुरटे जंगल, नदी नाही, ओढा नाही. संपूर्ण युकातान म्हणजे चुनखडीचा एक सच्छिद्र पाट आहे. पाऊस पडतो तो जमिनीत मुरतो आणि खाली भुयारांतून वाहतो. ज्या ठिकाणी वरचे छत कोसळते तेथे पाण्याची नैसर्गिक विहीर उघडते. परंतु उश्मालच्या टेकड्यांत अशा विहिरी जवळजवळ नाहीत. तरीही इसवी सनाच्या आठव्या ते दहाव्या शतकांत तेथे मोठे नगर होते. ते पाणी कोठून पीत होते? याचे उत्तर आमच्या गाईडने पायाखाली दाखविले. जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदलेली, आतून गिलावा केलेला, तोंडाभोवतीचे अंगण उतरते फरसबंद केलेले, म्हणजे पावसाचा थेंब बाहेर जाऊ नये. अशी शेकडो टाकी आहेत. आम्हाला कान्हेरीची आठवण झाली. तेथे भिक्खूंच्या गुंफांशेजारी खडकात टाकी कोरलेली असून त्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि त्यांतील काहींत आजही पाणी असते. खारपाणपट्ट्यातील आपल्या मंडळींनी, ज्यांच्या विहिरीचे पाणी गुरेसुद्धा पीत नाहीत, हे अवश्य पाहावे.

उश्मालचा मोठा पिरॅमिड सुमारे पस्तीस मीटर उंच असून त्याचा पाया अंडाकृती आहे. अशी रचना दुसरीकडे क्वचितच दिसते. लोककथा अशी की एका म्हातारीने अंडे उबविले, त्यातून बुटका निघाला आणि त्याने राजाशी पैज लावून हा एका रात्रीत बांधला. खोदकामात असे आढळले की एका बांधकामावर दुसरे, त्यावर तिसरे असे ते पाच वेळा वाढविलेले आहे. सांचीचा स्तूपही आत अशोकाच्या काळचा विटांचा आणि बाहेर नंतरच्या काळचा दगडाचा असा आहे. त्यामुळे ही गोष्ट आम्हाला लगेच समजली. राजवाडा म्हणून ओळखली जाणारी इमारत सुमारे शंभर मीटर लांब आहे. खालची भिंत अगदी साधी, वरच्या अर्ध्या भागात हजारो सुटे कोरीव दगड जुळवून केलेली नक्षी आणि लांब नाकाच्या पर्जन्यदेवतेचे मुखवटे. ज्या गावी पाण्याची वानवा तेथे पावसाचेच मुखवटे असणार. त्या इमारतीचे तोंड इतर इमारतींपेक्षा तिरके आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध शुक्राच्या चांदणीच्या उगवतीशी जोडतात. हे सर्व लोखंडाच्या छिन्नीविना, चाकाच्या गाडीविना आणि बैलाविना केलेले आहे. दरवाजांवरील तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या. अजिंठ्याला कारागिरांनी डोंगरातून नको तेवढे काढून टाकले. येथे एकेक दगड डोक्यावरून आणून चढविला.

ही नगरे ओस का पडली याचे एकच उत्तर नाही. सरोवरांतील गाळ आणि गुहांतील चुन्याचे थर तपासून नवव्या-दहाव्या शतकांत वारंवार मोठे दुष्काळ पडले असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. त्याच्या जोडीला राजांची आपसांतील युद्धे. टाकी कितीही असली तरी पाऊसच नसेल तर काय करणार?

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८४१ मध्ये स्टीफन्स आणि कॅथरवूड हे दोन प्रवासी उश्मालला दुसऱ्यांदा आले, कॅथरवूडने अप्रतिम चित्रे काढली आणि त्यांनी नक्षीची एक लाकडी तुळई सोबत नेली. न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात ती ठेवली, आणि जुलै १८४२ मध्ये ती प्रदर्शनाची इमारत जळून गेली. इकडे अजिंठ्याला रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. गिलची कबर भुसावळला आहे. मुंबईला जाताना आपली गाडी तेथे थांबते. पुस्तकांत आपण वाचतो की १८१९ साली जॉन स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला, आणि स्टीफन्सने माया नगरांचा. आमच्या गाईडला हा शब्द अजिबात आवडला नाही. तो म्हणाला, "आमचे आजोबा या चौथऱ्यांच्या मध्ये मका पेरीत होते. त्यांनी काही हरविलेच नव्हते."

'माया' या नावावरून आपल्याकडे बऱ्याच कल्पना चालतात, त्यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कुणी म्हणतात हा मयासुराचा वंश. कुणी याहून पुढे जाऊन महामायेचे नाव घेतात आणि चिनी इतिहासग्रंथातील हुई शेन या भिक्खूचा दाखला देतात. तो इ.स. ४९९ मध्ये फुसांग नावाच्या दूरदेशाची हकीकत घेऊन चीनला आला होता, आणि काही युरोपीय लेखकांनी फुसांग म्हणजे मेक्सिको असे ठरविले. आम्हालाही जाण्यापूर्वी एका स्नेह्याने हे मोठ्या हौसेने सांगितले होते. परंतु याला उत्खननात, भाषेत किंवा लिपीत कोठेही आधार मिळालेला नाही. मूर्ती पद्मासनात बसल्यासारखी दिसते एवढ्याने काही सिद्ध होत नाही. मांडी घालून माणूस सर्वत्र बसतो. शिवाय याचा दुसरा अर्थ काय होतो पाहा. हे भव्य काम तुमच्या बापजाद्यांचे नव्हे, ते बाहेरून कुणी येऊन करून गेले, असे आपण त्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगतो. गेल्या शतकात गोऱ्या लेखकांनी त्यांना नेमके हेच सांगितले होते. आपण तरी ते सांगू नये.

चिचेन इत्साविषयी फार बोलत नाही, कारण त्याची चित्रे सर्वांनी पाहिली आहेत. गर्दी आपल्या जत्रेसारखी. मुख्य पिरॅमिडला चारही बाजूंनी ९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५ होतात. वर चढण्यास आता बंदी आहे. त्यांचे सौर वर्ष वीस दिवसांच्या अठरा महिन्यांचे आणि वर पाच दिवस, ते अशुभ. गणना विसाची, शून्यासाठी शिंपल्याचे चिन्ह. आपल्याकडील म्हातारी माणसे 'तीन विसा' म्हणत, ती तेथे सहज हिशेब करू शकली असती. २१ डिसेंबर २०१२ रोजी जग बुडणार म्हणून दूरदर्शन वाहिन्यांनी जो गोंधळ घातला तो आपल्याला आठवत असेल. त्या दिवशी त्यांच्या दीर्घगणनेचे एक चक्र पूर्ण होत होते, जसे गाडीच्या मीटरचे आकडे फिरून शून्यावर येतात. या जागेची जमीन २०१० सालापर्यंत एका खाजगी घराण्याच्या मालकीची होती, त्या वर्षी राज्य सरकारने ती विकत घेतली. तेथील पवित्र विहिरीतून विसाव्या शतकाच्या आरंभी एका अमेरिकन वाणिज्यदूताने गाळ उपसून निघालेल्या वस्तू हार्वर्डच्या संग्रहालयाला पाठविल्या, त्यांपैकी काही पुढे परत मिळाल्या. आत रांगेने माया विक्रेते बसलेले असतात. त्यांना वारंवार उठविण्याची भाषा होते. पूर्वजांच्या अंगणात त्यांचे वंशज खेळणी विकतात आणि तिकीट खिडकीवर दुसरे कोणी बसते, हे पाहून आम्हाला तेथे फार वेळ थांबवेना.

माया लोक नाहीसे झाले असे आपण शाळेत शिकलो. ते खरे नव्हे. एकट्या मेक्सिकोत युकातानची माया भाषा बोलणारे सात लाखांहून अधिक लोक २०२० च्या जनगणनेत मोजले गेले. आमचा उश्मालचा गाईड त्यांच्यापैकी एक. पन्नाशीचा, जवळच्या खेड्यातला. त्याने सांगितले की शाळेत माया बोलले की उन्हात उभे करीत. त्यामुळे त्याची आई घरातही मुलांशी मोडके स्पॅनिश बोलू लागली. माया भाषा तो आजीकडून शिकला. त्याची स्वतःची मुलगी मात्र ती समजते आणि उत्तर स्पॅनिशमध्ये देते.

हे ऐकून आमची मुलगी आमच्याकडे पाहू लागली, कारण आमच्या नातीचे तंतोतंत असेच आहे. आजीने मराठीत विचारावे, नातीने स्पॅनिशमध्ये सांगावे. तिला कुणी उन्हात उभे केलेले नाही, एवढाच फरक. आम्ही जेवावयास सावलीत बसलो तेव्हा गाईडने तिला माया आकडे शिकविले : हुन, का, ओश, कान, हो. पाचाला 'हो' म्हणतात हे ऐकून ती इतकी हसली की पुढचा तासभर प्रत्येक प्रश्नाला "पाच" असे उत्तर देत होती. मग तिची आजी म्हणाली, आता माझे आकडे. त्या दिवशी ती पाचापर्यंत गेली. आता दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिच्या सकाळी साडेसातला, फोनवर शिकवणी चालते. सध्या एकोणतिसावर गाडी अडली आहे. वीसनंतरचे मराठी आकडे फार अवघड आहेत आणि याबद्दल कुणाला दोष द्यावा हे आम्हाला कळत नाही. जावयांनी त्या गाईडचा पत्ता घेतला आहे. त्याची मुलगी तिच्या पणजीजवळून आकडे शिकते की नाही, ते विचारावयाचे राहिले आहे.

आमच्याजवळ सत्तर-ऐंशी छायाचित्रे आहेत, ती आता पडद्यावर दाखवितो. खानखोजे यांच्या चित्राची प्रत वाचनालयासाठी आणली आहे, ती अध्यक्ष महोदयांनी स्वीकारावी. मागच्या बाजूचे दिवे कृपया बंद करावेत.